वाचकांचे प्रश्न : मेनफ्रेमवरील कमांड आणि त्यांची नोंद

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. चालू मेनफ्रेमची, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकाची, रचना बदलणाऱ्या प्रशासकीय कमांडची नोंद कशी राहते आणि ती पुरावा म्हणून कधी टिकते, हा तो विषय. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. उत्तरे आयबीएमच्या झेड/ओएस या कार्यप्रणालीला आणि तिच्या रॅकएफ या सुरक्षा-घटकाला धरून आहेत. एसीएफ-टू किंवा टॉप सीक्रेट ही इतर सुरक्षा-उत्पादने वापरणाऱ्यांना नावे वेगळी आढळतील, पण प्रश्न हेच राहतील.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : मी एका परदेशी बँकेच्या मेनफ्रेमची देखभाल करणाऱ्या चमूत सिस्टम प्रोग्रामर आहे. गेल्या तिमाहीत एपीएफ यादीत (विशेष अधिकाराने चालू शकणाऱ्या प्रोग्रामच्या लायब्ररींच्या यादीत) कमांडद्वारे झालेले सर्व बदल आणि ते करणाऱ्यांची नावे ऑडिटरांनी मागितली. आम्ही सिसलॉगमधून, म्हणजे यंत्रणेच्या चालू नोंदवहीतून, ही यादी बदलणाऱ्या सेटप्रॉग कमांडच्या ओळी काढून दिल्या, परंतु त्यांनी त्या पुरेशा मानल्या नाहीत. रॅकएफच्या अहवालात या कमांडची एकही नोंद मिळाली नाही, आणि कमांड देण्याचे अधिकार तपासणारा ओपरसीएमडीएस वर्ग तर आमच्याकडे कित्येक वर्षे सुरू आहे. हे कसे?

उत्तर : आपल्या ऑडिटरांची मागणी रास्त आहे, आणि रॅकएफचा अहवाल कोरा असण्यात कोणताही बिघाड नाही. रॅकएफमध्ये एखाद्या संसाधनाचा प्रोफाइल, म्हणजे त्याच्या वापराचे अधिकार सांगणारा तक्ता, तयार करताना ऑडिटचा पर्याय वेगळा दिला नाही, तर केवळ नाकारलेल्या प्रयत्नांची नोंद होते. ज्याला परवानगी आहे त्याने ती वापरली, याची नोंद होत नाही. आपल्या चमूतील ज्यांनी सेटप्रॉग दिली त्या सर्वांना ती देण्याचा अधिकार होता, म्हणून सुरक्षा-घटकाच्या दृष्टीने नोंदवण्यासारखे काही घडलेच नाही. रचना बदलणाऱ्या कमांडच्या बाबतीत हा मूळ पर्याय नेमका उलटा पडतो, कारण नाकारलेल्या कमांडने यंत्रणेत काहीच बदलत नाही. जे बदलते ते यशस्वी कमांडनेच.

एपीएफ यादीबद्दल ऑडिटर इतके आग्रही का असतात, हे आपल्याला ठाऊक असणारच, तरी इतर वाचकांसाठी सांगतो. या यादीतील लायब्ररीतून योग्य खुणेसह चालवलेला प्रोग्राम स्वतःला सुपरव्हायजर अवस्थेत, म्हणजे प्रणालीच्या सर्वोच्च अधिकाराच्या अवस्थेत, नेऊ शकतो, आणि तेथे पोहोचल्यावर रॅकएफच्या तपासणीला वळसा घालणे त्याला अवघड नसते. यादीत लायब्ररी घालायला एक ओळ पुरते आणि ती काढायलाही एकच ओळ पुरते. दोन्ही ओळी एका मिनिटाच्या आत दिल्या, तर नंतर डिस्प्ले कमांडने यादी कितीही वेळा पाहिली तरी ती जशीच्या तशी दिसेल.

स्वीडनमध्ये लॉजिका कंपनीच्या मेनफ्रेमवर झालेली घुसखोरी २०१२ मध्ये उघडकीला आली. तिच्यात रॅकएफचा डेटाबेस बाहेर नेऊन त्यातील पासवर्ड फोडण्यात आले होते. फोडलेल्या पासवर्डने आत येणारा माणूस यंत्रणेच्या लेखी अधिकृत वापरकर्ताच असतो, आणि त्याने दिलेली कमांडही यशस्वीच होते. केवळ अपयशाच्या नोंदी ठेवणारी व्यवस्था अशा माणसाविषयी फारसे काही सांगू शकत नाही.

आता सिसलॉगकडे वळू. त्यात कमांडचा मजकूर आणि तिला मिळालेले उत्तर मिळते, आणि एवढी तपशीलवार दुसरी नोंद सहसा कोठे मिळत नाही. म्हणून ती टाकून देऊ नये. मात्र कमांड कोणी दिली, या प्रश्नाला सिसलॉग कन्सोलच्या (कमांड देण्याच्या पडद्याच्या) नावाने उत्तर देतो, आणि कन्सोलचे नाव म्हणजे ओळख पटलेला माणूस नव्हे. शिवाय तो जेस या जॉब हाताळणाऱ्या घटकाच्या स्पूलमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहतो आणि स्पूलवर पुरेसा अधिकार असलेला माणूस तो काढून टाकू शकतो. ऑडिटरांना तो अपुरा वाटला याची कारणे ही असावीत.

उपाय लांबचा नाही. ज्या ओपरसीएमडीएस प्रोफाइलखाली रचना बदलणाऱ्या कमांड येतात, त्यांवर यशस्वी वापराचीही नोंद करणारा ऑडिटचा पर्याय लावावा. या वर्गातील कमांडना अधिकाराच्या पायऱ्या आधीच ठरवून दिलेल्या आहेत : डिस्प्लेसारख्या कमांडना रीड, बदल करणाऱ्या बहुतेक कमांडना अपडेट आणि कॉन्फिगसारख्या जड कमांडना कंट्रोल. म्हणून यशस्वी वापराची पातळी अपडेटपासून पुढे ठेवली, तर दिवसभरात हजारोंनी येणाऱ्या डिस्प्ले कमांड गाळल्या जातात आणि उरलेल्या नोंदी माणसाने वाचण्याजोग्या राहतात. संपूर्ण वर्गासाठी सर्व काही नोंदवण्याचा पर्यायही रॅकएफची एकूण धोरणे ठरवणाऱ्या सेटरॉप्ट्स कमांडमध्ये आहे. परंतु ऑटोमेशन असलेल्या मोठ्या यंत्रणेत तो लावल्यास नोंदींचा असा पूर येतो की पुढे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. प्रोफाइल बदलल्यावर वर्गाचा रॅकलिस्ट (प्रोफाइलची स्मृतीतील प्रत) रिफ्रेश करावा लागतो. तो राहून गेल्यामुळे बदल कागदावर झाला पण चालू यंत्रणेत आला नाही, असे प्रकार होत असतात.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. ज्या कमांडसाठी एकही प्रोफाइल जुळत नाही, तिच्या बाबतीत रॅकएफ निर्णय देत नाही आणि कन्सोलला दिलेल्या अधिकारावरून कमांड चालवली जाते. अशा कमांडची रॅकएफमध्ये नोंद मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. म्हणून सर्व कमांडना कवेत घेणारा एक सर्वसाधारण प्रोफाइल तळाशी असणे आवश्यक आहे, आणि तो प्रथम इशारा-पद्धतीने चालवून, कोणाची कोणती कमांड अडेल हे पाहून मगच बंधनकारक करावा. दुसरी गोष्ट कन्सोलच्या लॉगऑनची. कन्सोलच्या व्याख्येत लॉगऑन आपोआप होईल असे ठेवले असेल, तर कन्सोलचे नावच वापरकर्ता म्हणून नोंदले जाते. मग रॅकएफची नोंद कितीही व्यवस्थित असली, तरी रात्रपाळीत त्या खुर्चीवर बसलेल्यांपैकी कोण, हे तिच्यावरून कळत नाही. लॉगऑन सक्तीचा केल्याशिवाय पुढचे सारे प्रयत्न अर्धेच राहतात.

प्रश्न (एक वाचिका, ठाणे, व्यवसायाने सनदी लेखापाल) : माहिती-प्रणालींच्या तपासणीचे काम मी अलीकडेच सुरू केले आहे आणि मेनफ्रेमचा अनुभव मला नाही. एका संस्थेने रचनेतील बदलांसाठी मंजूर झालेल्या विनंत्यांची यादी दिली, प्रत्येकीवर स्वाक्षरी दाखवली आणि महिन्याच्या आरंभीच्या व अखेरीच्या पार्मलिबची (यंत्रणेच्या रचनेची मूल्ये ठेवणाऱ्या लायब्ररीची) तुलनाही दिली. फरक केवळ मंजूर बदलांचाच होता. यावर समाधान मानावे काय?

उत्तर : मानू नये. आपल्या व्यवसायातील उदाहरण घेतले तर कारण लगेच ध्यानात येईल. तिजोरीतून महिन्याच्या मध्यावर काढलेली आणि अखेरीपूर्वी परत ठेवलेली रक्कम दोन ताळेबंदांच्या तुलनेत दिसत नाही. ती रोजकिर्दीत दिसते, आणि तीही रोजकीर्द लिहिली गेली असेल तरच. वरच्या उत्तरातील एपीएफ यादीचा बदल नेमका या जातीचा आहे.

पार्मलिबच्या तुलनेला आणखी एक मर्यादा आहे. पार्मलिबमध्ये जे लिहिले असते ते पुढील आयपीएलच्या (यंत्रणा नव्याने सुरू करण्याच्या) वेळी किंवा सेट कमांडने तो सदस्य (लायब्ररीतील फाइल) वाचला जाईल तेव्हा अमलात येते, तर सेटप्रॉग, सेटएसएमएफ, व्हॅरी, कॉन्फिग यांसारख्या कमांड पार्मलिबला हात न लावता चालू यंत्रणा बदलतात. म्हणून पार्मलिब तंतोतंत मंजुरीप्रमाणे असू शकते आणि चालू यंत्रणा तिच्यापासून दूर गेलेली असू शकते. याच्या उलटही घडते : पार्मलिबमध्ये आज केलेला बदल पुढच्या आयपीएलपर्यंत, कधी कित्येक महिने, निपचित पडून राहतो आणि मग त्याचा परिणाम दिसतो तेव्हा बदल करणारा कोणाच्या आठवणीत नसतो. पार्मलिब उघडून लिहिल्याची रॅकएफची नोंद डेटासेटच्या, म्हणजे संपूर्ण लायब्ररीच्या, पातळीवर होते. आतील कोणत्या सदस्यातील कोणती ओळ बदलली, हे ती सांगत नाही. त्यासाठी संस्थेकडे जुन्या प्रती सांभाळणारी वेगळी व्यवस्था असली पाहिजे.

तपासणीची दिशा बदला, अशी माझी आपल्याला सूचना आहे. मंजूर विनंत्यांपासून सुरुवात केली, तर जे मंजुरीविना झाले ते आपल्यासमोर येण्याचा मार्गच उरत नाही. सुरुवात यंत्रणेच्या नोंदींपासून करावी आणि प्रत्येक नोंदीसाठी मंजुरी मागावी. त्यासाठी एसएमएफच्या, म्हणजे यंत्रणेतील घटना नोंदवणाऱ्या घटकाच्या, क्रमांक ८० या प्रकारच्या नोंदी मागवाव्यात, ज्या रॅकएफ लिहिते, आणि क्रमांक ९० या प्रकारच्या नोंदीही मागवाव्यात, ज्या यंत्रणेच्या स्थितीतील बदलांविषयी असतात. पहिल्या प्रकारावरून कोणी कोणत्या संसाधनावर हक्क बजावला हे कळते. दुसऱ्या प्रकारात बदल प्रत्यक्ष अमलात आल्याची साक्ष मिळते. सिसलॉगमधील कमांडचा मजकूर यांच्याशी वेळेवरून जुळवावा. तिन्हींचा मेळ बसला, तर नोंद पक्की मानावी. एखादी कमांड सिसलॉगमध्ये असून ८० मध्ये नसेल, तर तिथून प्रश्न विचारायला आरंभ करावा.

रॅकएफच्या स्वतःच्या कमांडही या कक्षेत येतात. सेटरॉप्ट्स आणि आरव्हॅरी (रॅकएफचा डेटाबेस चालू-बंद करणारी कमांड) या दोहोंचा वापर रॅकएफ कोणताही पर्याय न विचारता नेहमी नोंदवते, ही समाधानाची बाब आहे. इतर कमांडसाठी, विशेषतः स्पेशल (रॅकएफच्या प्रशासकाचा) अधिकार असलेल्यांनी दिलेल्या कमांडसाठी, एसऑडिट हा पर्याय सुरू आहे का ते पाहावे.

वेळ जुळवताना एक काळजी घ्यावी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील यंत्रणा पुण्या-मुंबईतून चालवली जात असेल, तर हिवाळ्यात दोहोंच्या घड्याळांत साडेदहा तासांचा फरक असतो आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा. आपल्याकडे पहाटे साडेतीनला दिलेली कमांड नोंदीत आदल्या दिवशी सायंकाळी दिसेल. नोव्हेंबरमध्ये तेथील घड्याळे मागे घेतली जातात तेव्हा स्थानिक वेळेतील एक तास दोनदा येतो. त्या रात्रीच्या नोंदी केवळ स्थानिक वेळेवरून क्रमाने लावू नयेत.

नोंदी अपुऱ्या तर नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय त्यांवरून निष्कर्ष काढू नये. एसएमएफचे चालू पर्याय दाखवणारी डिस्प्ले कमांड आपल्यासमोर द्यायला सांगावी आणि ८० व ९० हे प्रकार वगळलेले नाहीत याची खात्री करावी. जागा वाचवण्यासाठी ९० वगळलेला आढळला तर आश्चर्य वाटून घेऊ नये. बफर भरून नोंदी गळाल्या, तर एसएमएफ त्याची कबुली क्रमांक ७ या प्रकारच्या नोंदीत देते. तपासणीच्या काळातील ७ प्रकारच्या नोंदी आवर्जून मागाव्यात. ऑडिटरकडून ही मागणी क्वचितच होते.

शेवटी, झेड/ओएसच्या बाहेरही एक दार आहे. एलपारला (यंत्राच्या तार्किक विभागाला) दिलेले प्रोसेसर, त्याचे वजन (प्रोसेसरच्या वेळेतील वाटा), आणि कोणत्या लोडपार्मने (सुरू होतानाच्या मूल्याने) आयपीएल होईल, हे सारे हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोलवरून बदलता येते, आणि त्या कन्सोलच्या नोंदी एसएमएफमध्ये शोधून मिळणार नाहीत. त्या कन्सोलचे स्वतःचे लॉग असतात. ते कोण पाहते, असे विचारून पाहावे.

प्रश्न (एक वाचक, नवी मुंबई) : आमच्याकडील बहुतेक कमांड ऑटोमेशनमधून जातात. नोंदीत सगळीकडे ऑटोमेशनचाच वापरकर्ता-क्रमांक दिसतो. ऑडिटर म्हणतात की यावरून माणूस कळत नाही. ऑटोमेशन बंद तर करता येणार नाही.

उत्तर : बंद करण्याची आवश्यकता नाही, पण दोन प्रकारच्या कमांड वेगळ्या करणे आवश्यक आहे. ठरलेल्या नियमानुसार, संदेश आला की आपोआप सुटणारी कमांड ऑटोमेशनच्या नावे असणे हेच खरे आहे. तेथे जबाबदारी तो नियम लिहिणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची असते, म्हणून नियमांच्या सदस्यांतील बदलांची नोंद पार्मलिबइतक्याच काळजीने ठेवावी. एखादा माणूस ऑटोमेशनच्या पडद्यावरून आपल्या इच्छेने कमांड देतो, तेव्हा मात्र ती त्याच्या स्वतःच्या ओळखीने तपासली गेली पाहिजे. बहुतेक ऑटोमेशन उत्पादनांत कमांड मूळ मागणी करणाऱ्याच्या अधिकाराने तपासायची की ती प्रत्यक्ष चालवणाऱ्या टास्कच्या, हे ठरवता येते. आपल्याकडे दुसरा पर्याय लागू असावा, असे पत्रावरून वाटते.

त्यापलीकडे माझा आग्रह असा की ऑटोमेशनच्या वापरकर्त्याला ओपरसीएमडीएसमध्ये सरसकट हक्क देऊ नयेत. त्याला एपीएफ यादी बदलण्याचे, एसएमएफचे पर्याय बदलण्याचे काम नियमितपणे पडत नसेल, तर ते हक्क काढून घ्यावेत आणि ती कामे माणसांनी स्वतःच्या नावाने करावीत. हे सुचवल्यावर विरोध होतो, कारण रात्री तीन वाजता काही अडले तर काय, अशी भीती असते. ती खरी आहे. त्यासाठी लखोट्यात ठेवलेला आणीबाणीचा वापरकर्ता असावा, ज्याच्या प्रत्येक कृतीची नोंद यूऑडिट या वापरकर्त्यावर लावायच्या पर्यायाने होईल आणि लखोटा उघडल्याची खबर दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांना जाईल.

जेसीएलमध्ये, म्हणजे जॉबच्या सूचना लिहिण्याच्या भाषेत, कमांड लिहून जॉब सोडण्याची जुनी वाटही विसरू नये. जेस-टूमध्ये प्रत्येक जॉब क्लाससाठी अशा कमांडचे काय करायचे ते ठरवता येते : दुर्लक्ष करायचे, चालवायच्या, की ऑपरेटरला विचारून चालवायच्या. कित्येक ठिकाणी हे मूल्य कोणी ठरवले हे कोणालाच आठवत नाही.

प्रश्न (एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी) : ज्याच्या कमांडची नोंद ठेवायची, त्याच्याच हाती एसएमएफचे पर्याय असतात. मग या नोंदीला अर्थ काय?

उत्तर : आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. सेट किंवा सेटएसएमएफ कमांड देऊ शकणारा माणूस नोंदीचे प्रकार वगळू शकतो. एसएमएफच्या एक्झिटवर (नोंद लिहिण्याआधी चालणाऱ्या स्थानिक प्रोग्रामवर) ताबा असलेला माणूस ठरावीक नोंदी लिहिल्या जाण्याआधीच गाळू शकतो. म्हणून सर्वांत आधी ज्या कमांडवर पाळत ठेवायची, त्या म्हणजे नोंदच बंद करू शकणाऱ्या कमांड, आणि त्या कमांडची सूचना महिन्याच्या अहवालात नव्हे, तर घडताक्षणी दुसऱ्या यंत्रणेकडे गेली पाहिजे. सूचना बाहेर गेल्यावर मूळ यंत्रणेत काय पुसले, याला महत्त्व उरत नाही.

झेड/ओएस २.२ पासून लॉगस्ट्रीममध्ये (नोंदींच्या सलग प्रवाहात) लिहिल्या जाणाऱ्या एसएमएफ नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी करण्याची सोय आहे आणि नंतर नोंदी उतरवून घेणाऱ्या डंप प्रोग्रामने ती पडताळता येते. नोंद लिहिल्यानंतर तिच्यात फेरफार झाला किंवा मधली नोंद काढली गेली, तर ते पडताळणीत उघड होते. ही सोय उपलब्ध असूनही तिचा वापर दिसतो त्यापेक्षा कितीतरी अधिक व्हायला हवा, असे माझे मत आहे. मात्र जी नोंद लिहिलीच गेली नाही, तिच्यावर स्वाक्षरीही नसते, हे ध्यानात ठेवावे.

रॅकएफमध्ये अधिकारांची विभागणी मुळातच केलेली आहे, ती वापरावी. प्रोफाइलचा मालक ऑडिटचा पर्याय बदलू शकतो, पण ग्लोबलऑडिट हा नोंदीचा वेगळा पर्याय लावणे हे ऑडिटर हा अधिकार असलेल्याचे काम आहे आणि मालकाला ते काढता येत नाही. आपल्या पत्रातील शंकेला रॅकएफकडे असलेले उत्तर हेच आहे. परंतु स्पेशल आणि ऑडिटर हे दोन्ही अधिकार सोयीसाठी एकाच वापरकर्त्याला दिले, तर ते उत्तर नाहीसे होते. ज्यांनी केवळ पाहायचे आहे त्यांच्यासाठी २.२ मध्येच आरओऑडिट हा वेगळा अधिकार आलेला आहे, त्यामुळे ऑडिटरला अधिक हक्क द्यावे लागतात ही सबबही उरलेली नाही.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : या नोंदी किती दिवस ठेवाव्यात?

उत्तर : कोणता नियम लागू होतो यावर ते ठरते. भारतातील संस्थांना सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कार्ड-व्यवहार असतील, तर पीसीआय डीएसएस या मानकाप्रमाणे बारा महिने, आणि त्यांतील शेवटचे तीन महिने तत्काळ पाहता येतील असे. परदेशी ग्राहकाच्या यंत्रणेला त्याच्या देशाचे नियम लागतात आणि ते करारात पाहावे.

दिवसांचा हिशेब करताना डंपच्या पिढ्या मोजून फसू नये. एसएमएफचे डंप जीडीजीमध्ये (एकाच नावाच्या क्रमवार पिढ्यांच्या संचात) जात असतील, तर साध्या जीडीजीत जास्तीत जास्त २५५ पिढ्या राहतात, आणि दिवसातून पाच वेळा स्विच होणाऱ्या (भरलेला नोंदींचा डेटासेट बदलणाऱ्या) यंत्रणेत त्या ५१ दिवसांतच संपतात. वर्षअखेरीस कामाचा ताण वाढला की स्विचही वाढतात, म्हणजे ज्या काळातील नोंदी हव्या असतात नेमका तोच काळ आधी गळतो. ८० आणि ९० प्रकारच्या नोंदी रोज वेगळ्या काढून त्यांचे जतन तारखेवर बांधावे. कामगिरी मोजणाऱ्या अवजड नोंदी पिढ्यांच्या हिशेबाने गेल्या तरी चालतील.